फोन कोणी ठेवायचा

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस. ठकीच्या हातात फोन द्यायचा आणि मी खोलीबाहेर जायचं, ही आपली न ठरवता ठरलेली पद्धत आहे. ती मोडायचा माझा विचार नाही, म्हणून मेल करते आहे. वाचशील असं धरून चालते. उत्तर नेहमीप्रमाणे आईमार्फत आलं तरी चालेल.

काल ठकी बालवाडीत एका मुलीच्या दंडाला चावली. कातडी फाटली नाही, पण दातांचे ठसे संध्याकाळपर्यंत दिसत होते. याआधीही ती चावली आहे. आईनं तुला सांगितलं नसणार. तिचा गुडघा अजून पुरता वाकत नाही म्हणून ठकी माझ्याकडे आली, आणि तुला तिकडे एकटीला घोर नको असं आईला वाटतं. मला तसं वाटत नाही. तुझी मुलगी आहे, तुला माहीत असायला हवं. बालवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय की हा महिना बघू. फरक पडला नाही तर त्यांना ठकीला ठेवता येणार नाही, कारण बाकीच्यांचे आईबाप आता ऐकत नाहीत.

तुझ्या सासूबाईंनाही कळलं. कसं ते विचारू नकोस, आईच्या पोटात काही राहत नाही. त्यांचा लगेच फोन. "माझ्याकडे दे पाठवून. आठवड्यात सुतासारखी सरळ करते." आणि आई म्हणते, चावण्याचं न सांगता तिनं तुला विचारलं तेव्हा तूही म्हणालीस, मग तिकडेच जाऊ दे.

एक गोष्ट सांगते, मग तू ठरव. ठकी अजून बाथरूमचं दार लावू देत नाही. फटीत माझा पाय दिसत राहिला पाहिजे, नाहीतर ती ओल्या अंगानं बाहेर पळते. भावोजी वारल्यावर तू नोकरी शोधत होतीस तेव्हा ती सासूबाईंकडे होती. तिथं तिला दंगा केला म्हणून आत कोंडायचे. हे मला सासूबाईंनीच सांगितलं, अगदी सहज, भाजी कशी निवडायची ते सांगावं तसं.

तू तिकडे नर्सच्या नोकरीला निघालीस तेव्हा मी म्हणाले होते, "पोटच्या पोरीला टाकून चाललीस." तू बोलणं बंद केलंस. त्यावर आत्ता वाद नको. मला फक्त हा महिना दे. महिनाअखेरीला सासूबाई येतील, तेव्हा ठकी जशी असेल तशी बघतील, आणि मग तुम्ही दोघी काय ते ठरवा.

ती टेबलाखाली बसून माझ्या चपलेचा पट्टा चघळते आहे. थांबते.

१० फेब्रुवारी

ताई,

लॅबमधून लिहिते आहे. एक थर्मामीटर तेलाच्या टाकीत उभा केलाय. तापमान स्थिर होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो आणि मला नुसतं बसवत नाही.

आमच्याकडे उपकरण तपासायला आलं की पहिला नियम असा, की ते जसं आलंय तसं आधी वाचायचं. दुरुस्ती नंतर. कुणी घाईनं आधीच स्क्रू फिरवला, तर काय बिघडलं होतं ते कायमचं हरवतं. ठकीच्या बाबतीत आपण सगळ्यांनी आल्या आल्या स्क्रू फिरवले. आईनं लाडानं, सासूबाईंनी धाकानं, मी "चावायचं नाही" म्हणून. म्हणून या वेळी मी नुसतं बघितलं.

ती उगाच चावत नाही. खेळता खेळता एकदम उठवलं की चिडते. भूक लागली की चिडते, पण भूक लागलीय हे तिला कळत नाही. कुणी पाठीमागून आलं तर चिडते. यात अवघड असं काही नाही. मी उठवण्याआधी सांगायला लागले: दोन ठोकळे आणखी लाव, मग निघू. बालवाडीतून बाहेर आल्या आल्या हातात सफरचंदाची फोड. पाठीमागून जायचं नाही. अर्धी भांडणं एवढ्यानंच मिटली.

बालवाडीच्या बाईंशी बोलले. त्या वयानं माझ्याच बरोबरीच्या असतील. बोलताना हात चालूच असतात, कुणाचं नाक पूस, कुणाचे उलटे बूट सरळ कर.

"चावायला लागली की काय म्हणता तिला?"

"चावायचं नाही, असं."

"आणि काय करायचं म्हणता?"

"शांत बस म्हणते."

"तुम्हाला कुणी शांत बस म्हटलं तर बसाल?"

"मी शांतच असते."

"ते दिसतंय," त्या म्हणाल्या आणि एकाच्या तोंडातून ठोकळा काढून घेतला. "अहो, राग तर येणारच. तुम्ही चावणं काढून घेतलंत, तर त्या जागी दुसरं काही द्या. आणि ती नीट वागत असते तेव्हा तुम्ही काय करता?"

"माझं काम."

"म्हणजे चावल्याशिवाय तिच्याकडे बघायला कुणी नाही."

त्यांचं एक मात्र लगेच पटलं. 'शहाणी मुलगी' म्हणू नका, काय केलंस ते सांगा. 'त्याला पाणी दिलंस' एवढं पुरे. मोघम शाबासकी मलाही कधी समजलेली नाही.

चावण्याच्या जागी आम्ही पाय आपटणं दिलं. दोन्ही पाय आपटायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "मला राग आलाय." आधी मी करून दाखवलं. ठकी डोळे विस्फारून बघत राहिली, मग म्हणाली, "परत." खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर येऊन विचारून गेले, कपाट पडलं का.

माझ्या चुकाही लिहिते. मी तिला विचारलं, "आंघोळीला येणार का?" ती म्हणाली, "नाही." झालं, मग तिथंच अडून बसलो दोघी. बाईंना सांगितलं तर त्या हसायला लागल्या. "नाही चालणार नव्हतं, तर विचारलंत कशाला? हिरवा टॉवेल की पांढरा ते विचारा." दुसऱ्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, हिरवा. हिरवा वाळत होता.

आता मुख्य गोष्ट. एवढं सगळं करूनही ती चावते आहे, आणि ज्या ज्या दिवशी चावली त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. एकही अपवाद नाही. तू वाईट बोलत नाहीस, भिंत पातळ आहे, मला ऐकू येतं. पण तुझ्या वॉर्डात घंटा वाजते, तू "लवकर येते हं" म्हणतेस आणि स्क्रीन काळा होतो. ती फोन उलटा करून मागं बघते. रडत नाही. दुसऱ्या दिवशी चावते.

म्हणून महिनाअखेरपर्यंत मी तुझे फोन घेणार नाही. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तेल स्थिर झालं. जाते.

१७ फेब्रुवारी

ताई,

आईनं तुझा निरोप शब्दाला शब्द पोचवला. "तिला म्हणावं, मुलगी माझी आहे, तुझ्या लॅबमधलं यंत्र नाही." वाक्य चांगलं आहे. तू फोन करत राहिलीस तेही मला दिसलं. फोन मी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवते, आवाज बंद करून. तो थरथरतो तेव्हा डबे वाजतात, म्हणून आता त्याखाली फडकं घातलंय.

ठकी चावलेली नाही. तुझा शेवटचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवसानंतर एकदाही नाही. मारणं नाही, फेकणं नाही. वेळेवर उठते, जे ताटात असेल ते खाते. बालवाडीच्या दारात हात सोडते आणि मागं न बघता आत जाते. एका मुलाची आई मला मुद्दाम थांबवून म्हणाली, "काय केलंत हो, आम्हालाही सांगा." मी म्हटलं, कारण शोधलं आणि काढून टाकलं.

बाई मात्र म्हणाल्या, "हल्ली काही मागत नाही ती."

"चांगलंच आहे की."

"काल चित्राचा कागद तिच्यापर्यंत पोचलाच नाही. बसून राहिली. आधी असती तर ओढून घेतला असता."

मी म्हटलं, ओढून घेतला नाही हे चांगलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्याच कुणाला हाक मारली. मला ते आवडलं नाही.

घरीही टॉवेल विचारला तर ती म्हणते, "तू सांग." खेळण्यातलं काय हवं विचारलं तर, "तू सांग." परवा जिन्यावर पडली, गुडघा सोलला, तर आवाज नाही. मी औषध लावेपर्यंत भिंतीकडे बघत होती. एकदा अर्धवट झोपेत मला 'मावशी' सोडून भलतीच हाक मारली. मी ती दुरुस्त केली नाही. घाईत होते.

म्हणजे सगळं ठीक आहे. आकडे बघितले तर ठीक आहे. तरी मला या घरात एका जागी बसवत नाही. काल नळाची जाळी काढून धुतली, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, घड्याळ उघडून परत लावलं. घड्याळ चालूच होतं.

यावर तुझं काही म्हणणं असेल तर आईला सांग.

२२ फेब्रुवारी

ताई,

हे नीट वाच. घाईत असशील तर आत्ता बंद कर आणि सवडीनं वाच.

काल ठकी बाहुलीशी खेळत होती. मी दाराआड होते, तिला दिसत नव्हते. साबणाची रिकामी डबी तिनं बाहुलीसमोर उभी केली आणि बाहुलीच्या आवाजात म्हणाली, "ठकी, दूध प्यायलीस? ठकी, आज काय केलंस?" तुझाच आवाज, हेल काढण्यासकट. मग बाहुली म्हणाली, "लवकर ये—" आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत ठकीनं बाहुली तोंडावर आपटली. फरशीवर, जोरात. "मी आधी," म्हणाली. परत उभी केली. "ठकी, दूध प्यायलीस?" परत आपटली. "मी आधी." मी उभी होते तेवढ्या वेळात तिनं दुसरा कुठला खेळ खेळला नाही.

आज लॅबमध्ये दाब मोजायचा एक गेज परत आला. आमच्या नव्या मुलीनं गेल्या आठवड्यात तपासून पाठवला होता. गिऱ्हाईक म्हणे, चुकीचा दाखवतो. ती रडकुंडीला आली. "मॅडम, मी बघितला होता, काटा बरोबर शून्यावर होता." मी तिला म्हटलं, भार काढला की कुठलाही काटा शून्यावर येतो. भार दिल्यावर काय करतो ते बघायचं असतं. हे मी तिला सांगितलं आणि खुर्चीतून उठले, आणि मग दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

तुझ्या फोननं ठकी बिघडत होती हे माझं वाचन बरोबर होतं. फोन काढला म्हणजे बिघाड गेला, हे चूक होतं. मी दुरुस्त काही केलं नाही, फक्त भार काढला. ही चूक आमच्याकडे नव्या मुलीही एकदाच करतात.

तिला तू नको आहेस असं नाही. तू जातेस ते तिच्या हातात नाही, हे तिला सोसत नाही. एक दिवस बाबा गेले, कुणी आधी सांगितलं नाही. मग तू गेलीस. मग दर फोनला तू परत परत जातेस, वाक्याच्या मध्येच.

तर फोन सुरू करू. पण असा:

शिफ्ट संपल्यावर कर. वॉर्डात उभं राहून नको, घंटा वाजली की तुझा चेहरा आधीच बदलतो, तिला ते दिसतं. ती रडली तर "रडू नको" म्हणू नकोस. "माझी आठवण आली तुला" एवढंच म्हण आणि थांब. 'लवकर' हा शब्द अजिबात नको, तिच्या दृष्टीनं त्या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही. आणि शेवट आधी सांग. "आता एक गोष्ट, मग फोन ठेवायचा." ठेवायचा तो तिनं. लाल बटण ती दाबेल. ती दाबेपर्यंत तू हलायचं नाहीस.

शुक्रवारी सासूबाई येणार आहेत, तिला न्यायच्या तयारीनं. मला वाटलं होतं, त्यांना ही शांत ठकी दाखवावी आणि जिंकावं. पण ती शांत ठकी खोटी आहे. त्यांच्यासमोरच फोन कर. चावली तर चावली. मग त्या नेतील, आणि ते माझ्यामुळं झालं असं तू म्हणू शकशील.

तुला हे जमणार नसेल तर आईला सांगू नकोस. मला सांग.

१ मार्च

ताई,

काल तू फोनवर जे पाहिलं नाहीस ते लिहिते. जे पाहिलंस ते तुला माहीतच आहे.

सासूबाई दुपारीच आल्या. ठकीच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी घेऊन. ती त्यांनी दाराशीच ठेवली, म्हणजे निघताना विसरायला नको. मला म्हणाल्या, "वाळलीस गं. पोर सांभाळणं सोपं नाही, आलं ना लक्षात?" मी म्हटलं, आलं. "हिच्या बापालाही मी असाच वाढवला. एका हाकेत उभा राहायचा." त्या बोलता बोलता ठकीच्या कपाळावरचे केस मागं सारत होत्या. कपाळ भावोजींचंच आहे. तेवढ्यापुरता त्यांचा हात अगदी हलका झाला होता.

मग तुझा फोन आला. ठकीनं मांडीवर धरला, आणि तू म्हणालीस, "हलतोय फार. जरा धर ना तो." हे तू मला म्हणालीस. मी धरला.

तू सगळं सांगितल्याबरहुकूम केलंस. "आठवण आली तुला" म्हणालीस आणि थांबलीस, तेव्हा ती इतका वेळ गप्प होती की मीच मध्ये बोलणार होते. तू बोलली नाहीस. मग तिनं गुडघा वर करून तुला खपली दाखवली. पडली तेव्हाचं रडणं काल रडली.

आणि मग ती सशाची गोष्ट. "ससा बिळातून बाहेर आला, आणि मग—" तिथं तिनं बटण दाबलं. आम्ही तिला 'गोष्ट संपल्यावर' असं सांगितलं होतं. पण बटण तिच्या हातात होतं.

आधी ती हसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी ठेवला." मग स्क्रीनकडे बघितलं. तुला घालवलं ते या वेळी तिनंच, हे तिच्या लक्षात आलं असावं. चेहरा फिरला. माझं मनगट तिच्या तोंडाजवळ होतं. दात टेकले. मी हात काढून घेतला नाही. का ते सांगता येणार नाही.

तिनं तोंड बाजूला केलं, पलंगावरून उतरली आणि दोन्ही पाय आपटायला लागली. "मला राग आलाय. मला राग आलाय." मी खाली तिच्या उंचीला बसले आणि म्हटलं, "चावली नाहीस. सांगितलंस."

सासूबाई म्हणाल्या, "हे काय वागणं? तोंड वर करून बोलते." आणि मग, बहुधा दटावायलाच, "कुणावर गं आलाय एवढा राग?"

मी महिनाभर हिची कारणं शोधते आहे. हे मी तिला विचारलंच नव्हतं.

ठकी म्हणाली, "आईवर." पाय आपटला. "मावशीवर." पाय आपटला. मग थोडं थांबून, "बाबांवर."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मला वाटलं आता त्या हिला दंडाला धरून उठवतील. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि अगदी हळू म्हणाल्या, "मलाही येतो गं. फार येतो."

ठकीनं विचारलं, "मग पाय आपट ना."

"मला संधिवात आहे," त्या म्हणाल्या.

"एकच आपट."

त्यांनी एक आपटला. बसल्या बसल्या, चपलेसकट. शिंपीकाका वर आले नाहीत, त्यांना आता सवय झाली आहे. ठकी त्यांना म्हणाली, "आता दुसरा." तेव्हा तुझा फोन परत वाजला.

तू चिडली होतीस. "मध्येच कापलं तिनं. माझं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं." मी म्हटलं, "हो." नुसता तुझ्या मागचा कुठला तरी पंखा ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, "असं वाटतं होय तिला?" आणि मी परत म्हटलं, "हो."

सासूबाई निघाल्या तेव्हा पिशवी घडी करून काखेत घातली. नेण्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाल्या, "मीच येत जाईन. पण जिना फार आहे तुझा." ठकीनं त्यांना विचारलं, आजी, तू दारातून जाणार की— आणि तिला दुसरं काही सुचेना, तेव्हा म्हणाली, "दारातूनच जा." बाईंना मी आज सकाळी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मनगट दाखवा. बघितलं, आणि म्हणाल्या, "राहू दे तिला इथे." सकाळीच तिनं एका मुलाशी चित्राच्या कागदावरून भांडणही केलं. तोंडानं.

आता तू शेवटी जे सांगितलंस त्याबद्दल. तिकडचे लोक करार आणखी वर्षभर वाढवायला सांगताहेत, आणि काय करू ते तू मला विचारलंस. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते रागानं नाही. तू परत आलीस तर ठकी तुझ्याबरोबर जाईल, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. फोन बंद केले तेव्हा ते माझ्या मनात अजिबात नव्हतं असं मी छातीठोकपणे लिहू शकत नाही. त्यामुळं या प्रश्नावर माझं वाचन धरू नकोस. ते एका बाजूला झुकलेलं आहे.

तू ठरव. येणार असशील तर तारीख सांग, मी भिंतीवर लावते. राहणार असशील तर तेही तिला सांग. तू सांग, मी नाही सांगणार, आणि आईही नाही. सोपं करून सांगू नकोस. ती ऐकून घेईल आणि बहुतेक मध्येच फोन ठेवेल. ठेवू दे. थोडं थांब आणि परत लाव.

मी उचलेन.